यंत्र आपले, कारभार कुणाचा?

१९ जुलै २०२४ रोजी, शुक्रवारी सकाळी, भारतीय वेळेनुसार ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीने जगभरच्या आपल्या ग्राहकांच्या संगणकांवर एक लहानशी फाइल रवाना केली. काहीतरी बिनसले आहे हे ध्यानात येऊन कंपनीने ती ७८ मिनिटांत मागेही घेतली. पण तेवढ्या अवधीत विंडोजवर चालणारे सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले होते. विमानतळ, बँका, रुग्णालये, दूरचित्रवाणी केंद्रे यांचे व्यवहार ठप्प झाले. आपल्याकडे इंडिगोच्या प्रवाशांच्या हाती चक्क हाताने लिहिलेले बोर्डिंग पास पडले आणि त्यांची छायाचित्रे दिवसभर फिरत राहिली.

त्या दिवशी ऐकू येणारी दोन स्पष्टीकरणे अशी होती : 'मायक्रोसॉफ्ट बंद पडले' आणि 'सायबर हल्ला झाला'. दोन्ही चुकीची होती. हल्ला कुणी केला नव्हता आणि ती फाइल मायक्रोसॉफ्टची नव्हती. क्राउडस्ट्राइकने पुढे स्वतःच प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार तिच्या प्रोग्रॅमला २१ रकाने असलेली माहिती वाचायला सांगण्यात आली होती, प्रत्यक्षात पुरवले गेले होते २० रकाने. एकविसावा रकाना शोधताना प्रोग्रॅम स्मृतीच्या अशा भागात जाऊन पोहोचला, की जेथे त्याचे काही काम नव्हते. अशी चूक एखाद्या शब्दलेखनाच्या प्रोग्रॅमने केली असती, तर तो प्रोग्रॅम तेवढा बंद पडला असता आणि आपण वैतागून तो पुन्हा उघडला असता. मग येथे सगळा संगणकच का कोसळला? या प्रश्नाचे उत्तर तंत्रज्ञांपुरते ठेवण्याजोगे नाही. आपल्या टेबलावरच्या यंत्रात नेमकी सत्ता कुणाच्या हाती असते, हेच त्यातून उलगडते.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाची कारभार-व्यवस्था. देवळाचा दृष्टान्त येथे चपखल बसतो. सभामंडपात सर्वांना प्रवेश असतो. गाभाऱ्यात मात्र पुजाऱ्याखेरीज कुणी जायचे नाही. संगणकाच्या गाभाऱ्याला कर्नेल म्हणतात. स्मृती कुणाला किती द्यायची, प्रोसेसरचा वेळ कुणाला किती, डिस्कवर कोठे काय लिहायचे, हे सारे तेथे ठरते. आपण वापरतो ते प्रोग्रॅम सभामंडपात बसतात. त्यांना काही हवे असेल तर ते मागायचे, परस्पर घ्यायचे नाही. सभामंडपात कुणी गोंधळ घातला तर त्याला बाहेर काढता येते. गाभाऱ्यातच गोंधळ झाला, तर मात्र पूजाच थांबते. निळा पडदा म्हणजे हे पूजा थांबवणे होय. आणखी नासधूस होण्यापेक्षा सारे बंद करणे बरे, असा तो निर्णय असतो.

आता प्रश्न असा, की गाभाऱ्यात पुजाऱ्याबरोबर आणखी कोण जाते? ड्रायव्हर जातात. प्रिंटर, स्कॅनर, ध्वनी, चित्र, नेटवर्क अशा प्रत्येक उपकरणाची भाषा वेगळी असते. ती कर्नेलला समजावून सांगणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. परंपरेने हे दुभाषे गाभाऱ्यातच उभे राहत आले, कारण तेथून काम झपाट्याने होते. क्राउडस्ट्राइकचा प्रोग्रॅम कोणत्याही उपकरणाचा दुभाषा नव्हता. तो पहारेकरी होता. पण पहारा चोख हवा म्हणून त्यानेही ड्रायव्हरचा वेष घेऊन गाभाऱ्यात जागा मिळवली होती.

दुभाष्यांना आत घ्यावे की बाहेर बसवावे, हा वाद जुना आहे. १९९२ साली ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम आणि फिनलंडमधला तरुण विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांच्यात तो जाहीरपणे झडला होता. टॅनेनबॉम यांचे म्हणणे असे, की गाभारा शक्य तितका लहान ठेवावा, ड्रायव्हरसुद्धा बाहेर काढावेत. एखादा कोसळला तर पुन्हा उभा करता येईल. टोरवाल्ड्सने आदल्याच वर्षी, १९९१मध्ये, लिनक्स लिहायला घेतले होते आणि त्यात सारे एकाच मोठ्या गाभाऱ्यात ठेवले होते. व्यवहारात टोरवाल्ड्सची बाजू सरस ठरली. लिनक्स आज अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनमध्ये आहे. पण सिद्धान्तात प्राध्यापकमहाशय अगदीच चुकीचे नव्हते, हे २०२४च्या त्या शुक्रवारी पुन्हा दिसले. ॲपलने २०१९पासून आपल्या मॅकवर बाहेरच्या कंपन्यांना गाभाऱ्याबाहेर बसवून काम करायला लावण्याचे धोरण धरले होते. मायक्रोसॉफ्टच्या प्रवक्त्याने त्यावर अशी तक्रार केली, की २००९ साली युरोपीय आयोगाशी झालेल्या समझोत्यामुळे आम्हांला तसे दार लावता येत नाही. आम्ही स्वतः जेथे जातो तेथे इतर सुरक्षा कंपन्यांनाही जाऊ द्यावे लागते, असा त्यांचा मुद्दा होता. तो अर्धा खरा आहे. इतरांना बाहेर काढायचे असेल, तर स्वतःची सुरक्षा-उत्पादनेही बाहेर आणण्याचा मार्ग कंपनीला मोकळा होता. त्या दिशेने पावले टाकण्याची घोषणा तिने नोव्हेंबर २०२४मध्ये केली. त्यासाठी ८५ लाख संगणक बंद पडावे लागले. लिनक्सवाल्यांनीही यात फार शेखी मिरवू नये. ती सदोष फाइल विंडोजसाठीच पाठवलेली होती म्हणून ते वाचले. लिनक्सच्या गाभाऱ्यात वाईट ड्रायव्हर शिरला, तर तेथेही पूजा थांबतेच.

ड्रायव्हरचा दुसरा प्रश्न मात्र आपल्या घरापर्यंत येतो. तो आहे मालकीचा. विंडोजच्या जगात ड्रायव्हर लिहितो उपकरणाचा उत्पादक. तो तयार प्रोग्रॅम देतो, आतील मजकूर देत नाही. जोवर त्याला स्वारस्य आहे तोवर उपकरण चालते. २००७ साली विंडोज व्हिस्टा बाजारात आली तेव्हा असंख्य घरांत हा अनुभव आला. यंत्राचा एकही भाग झिजलेला नाही, शाई भरलेली आहे, आणि तरी स्कॅनर चालत नाही. कारण उत्पादकाने नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर लिहिण्याची तसदी घेतली नाही. त्याला नवा स्कॅनर विकायचा होता! लिनक्सची रीत याच्या उलट आहे. तेथे बहुतेक ड्रायव्हर कर्नेलच्या मूळ मजकुराबरोबरच, सर्वांना वाचता येतील असे ठेवलेले असतात. कर्नेल बदलणारा ते सोबतच दुरुस्त करतो. त्यामुळे उत्पादक विसरून गेलेली यंत्रेही वर्षानुवर्षे चालत राहतात. मात्र जो उत्पादक आपल्या यंत्राची माहितीच देत नाही, त्याच्यापुढे लिनक्सही हतबल ठरते. एनव्हिडिया या कंपनीने याबाबत इतकी वर्षे हात आखडता घेतला, की २०१२ साली फिनलंडमधल्या एका विद्यापीठात बोलताना टोरवाल्ड्सने कॅमेऱ्याकडे पाहून त्या कंपनीला उद्देशून जी खूण केली, तिचे वर्णन या पानावर करता येणार नाही. कंपनीने आपल्या कर्नेलमधील ड्रायव्हरचा मजकूर खुला करण्यास सुरुवात केली ती २०२२मध्ये.

किंबहुना मुक्त सॉफ्टवेअरची चळवळच एका प्रिंटरपायी सुरू झाली असे म्हणता येईल. एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक नवा प्रिंटर आला. तो वारंवार अडकत असे. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये रिचर्ड स्टॉलमन याने सुधारणा केली होती. कागद अडकला की ज्याचे काम खोळंबले त्याला तसा निरोप जाई. नव्या प्रिंटरच्या प्रोग्रॅमचा मजकूर मात्र त्याला मिळाला नाही; देण्यास चक्क नकार मिळाला. १९८३ साली त्याने ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तिच्यामागे ही बोच होती. अडकलेल्या कागदावरून एवढे रामायण घडले याचे नवल वाटते खरे. पण प्रश्न तत्त्वाचा होता : माझ्यासमोरच्या यंत्राची दुरुस्ती करण्याचा अधिकार मला आहे की नाही?

फाइलींच्या व्यवस्थेत हाच अधिकाराचा प्रश्न निराळ्या रूपात येतो. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहायला घेतले, तेव्हापासून त्या घराण्यात फाइलीचे नाव आणि फाइल या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जातात. आपल्या खेड्यांत शेताला 'चिंचेचा मळा' म्हणतात. दप्तरात मात्र त्याला गट क्रमांक असतो, आणि खरी ओळख तीच. मळ्याला दोघांनी दोन नावे दिली तरी जमीन एकच राहते. युनिक्समध्ये प्रत्येक फाइलीला असा एक क्रमांक असतो, आणि फोल्डर म्हणजे कोणते नाव कोणत्या क्रमांकाचे, हे सांगणारी यादी. नाव पुसले म्हणजे जमीन नाहीशी होत नाही. एखादा प्रोग्रॅम ती फाइल वाचत असेल, तर त्याचे काम संपेपर्यंत ती टिकते. म्हणूनच लिनक्सवर चालू प्रोग्रॅमची नवी आवृत्ती त्याच क्षणी बसवता येते. विंडोजमध्ये 'ही फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे' हा संदेश कुणी पाहिला नसेल? तेथे उघडी फाइल सहसा कुलूपबंद असते. त्यामुळे अद्ययावतीकरणासाठी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागते, आणि तेही नेमके आपण घाईत असताना. दोन्ही रीतींना आपापली कारणे आहेत. दोघांनी एकाच वेळी एकच हिशेब बदलू नये, याची काळजी विंडोजची रीत अधिक घेते.

विंडोजच्या अंगावर तिच्या बालपणाच्या खुणा अजून आहेत. पहिली डिस्क 'सी' का, तर 'ए' आणि 'बी' ही अक्षरे फ्लॉपींसाठी होती. फ्लॉपी गेल्या, अक्षरे रिकामी राहिली. 'सीओएन' या तीन अक्षरांचा फोल्डर विंडोजमध्ये तयार होत नाही. दोन दशकांपूर्वी यावर एक ई-मेल घरोघर फिरत असे, की याचे कारण बिल गेट्सलाही ठाऊक नाही. कारण सर्वज्ञात आहे : डॉसच्या काळापासून ते नाव पडदा आणि कळफलक या जोडीसाठी राखून ठेवलेले आहे. या झाल्या गमती. एक खूण मात्र महागात पडली. कोणती फाइल चालवायची आणि कोणती नुसती वाचायची, हे विंडोज नावाच्या शेपटावरून ठरवते, आणि नवख्यांना त्रास नको म्हणून ते शेपूट लपवते. ४ मे २००० रोजी फिलिपाइन्समधून निघालेल्या 'आय लव्ह यू' विषाणूने याचाच फायदा घेतला. लोकांना ते साधे पत्र वाटले, खरे शेपूट दिसले नाही, उघडताच प्रोग्रॅम चालला. युनिक्स घराण्यात फाइल चालवण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते. नाव काहीही असो. मालक, गट आणि इतर अशा तिघांसाठी वाचणे, लिहिणे आणि चालवणे यांची मुभा तेथे निरनिराळी नोंदवली जाते. विंडोज ९५ आणि ९८मध्ये असे काही नव्हतेच. जो खुर्चीत बसेल तो राजा. १९९३ साली आलेल्या एनटी शाखेत परवानग्यांची व्यवस्था कसोशीने केलेली होती, पण पुढे एक्सपीवर घरोघरी सारेच प्रशासक म्हणून वावरत राहिले. भिंत होती, दार सताड उघडे होते.

नावाचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट मराठी माणसांसाठी. लिनक्सच्या प्रचलित फाइल-व्यवस्थेत नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीला तीन. शिवाय काना, वेलांटी, हलन्त यांची गणना स्वतंत्र. म्हणजे 'कार्यालयीन' या एका शब्दालाच ३० बाइट खर्च होतात, आणि सगळे नाव ८५ चिन्हांत आटपावे लागते. विंडोजमध्ये तीच मर्यादा २५५ चिन्हांची आहे. त्यामुळे विंडोजवर ठेवलेली लांबलचक मराठी नावाची फाइल लिनक्सवर उतरवताना अडते. दुसरी अडचण अधिक फसवी आहे. कऱ्हाडमधला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एकसंध चिन्ह म्हणून, किंवा साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता असा. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात. मॅकची जुनी फाइल-व्यवस्था असे चिन्ह फोडून ठेवत असे. विंडोज आणि लिनक्स जसे आले तसे ठेवतात. परिणामी एकाच फोल्डरमध्ये 'कऱ्हाड शाखा' नावाच्या दोन फाइली सुखेनैव नांदू शकतात, आणि शोध घेताना एकच सापडते. सर्वसाधारण मराठी कार्यालयात यावर उपाय म्हणून फाइलींना इंग्रजी नावे देण्याची प्रथा पडली आहे. ती सोयीची आहे, समाधानाची नाही.

स्मृतीच्या वाटपात दोन स्वभाव दिसतात. विंडोजचा खाक्या जुन्या सहकारी पतपेढीचा आहे. जेवढी स्मृती आणि डिस्कवरची राखीव जागा मिळून शिल्लक असेल, तेवढ्याचाच शब्द ती देते. पलीकडे मागणी झाली तर सरळ नकार. लिनक्स उदारपणे शिलकीहून अधिक मंजूर करते, कारण मागणारे सहसा मागितलेले सगळे वापरत नाहीत, हा तिचा अनुभव. बहुधा तो खराही ठरतो. पण सारेच एकदम पैसे काढायला आले, तर? अशा प्रसंगी कर्नेल एका प्रोग्रॅमची निवड करून त्याला ठार करते आणि इतरांना वाचवते. मारल्या गेलेल्या प्रोग्रॅमला पूर्वसूचना नसते. स्वस्त अँड्रॉइड फोनवर आपण परत येईपर्यंत मागचे ॲप नाहीसे झालेले असते, त्यामागेही असाच हिशेब असतो. सर्व्हर सांभाळणारे या उदारतेला वचकून असतात. आम्हांला मात्र, आपल्या सहकारी पतपेढ्यांचा इतिहास पाहता, विंडोजची सावधगिरी अगदीच अनाठायी वाटत नाही.

हे सारे आज सांगण्याचे कारण असे, की १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्ती थांबवली. घरगुती ग्राहकांना नोंदणी करून आणखी वर्षभराची मुदत देऊ केली, तेवढीच. विंडोज ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि साधारणतः २०१७-१८नंतरचा प्रोसेसर. त्याआधीचे संगणक बिघडलेले नाहीत. टंकलेखन, हिशेब, ई-मेल ही कामे ते कालपर्यंत करत होते आणि उद्याही करतील. तरी शाळा, ग्रंथालये, छोट्या संस्था त्यांना भंगारात काढण्याच्या बेतात आहेत, कारण परगावच्या एका कंपनीने तशी रेघ ओढली. चिपमुळे सुरक्षा वाढते हे मान्य. पण तिच्यावाचून यंत्र निकामी ठरते, हे अमान्य. व्हिस्टाच्या वेळी स्कॅनरचे झाले तेच आता सगळ्या संगणकाचे होत आहे.

पर्याय नाही असे नाही. केरळच्या सरकारी शाळांनी दीड दशकाहून अधिक काळ लिनक्सवर मुलांना शिकवले. सी-डॅकची 'बॉस' ही प्रणाली २००७पासून आहे, आणि संरक्षण मंत्रालयाने २०२३ साली 'माया' या लिनक्सवर आधारलेल्या प्रणालीकडे वळण्याचा निर्णय घेतला. लिनक्सच्या कित्येक आवृत्त्या पेन-ड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता सुरू करून पाहता येतात. प्रिंटर बोलतो का, आवाज येतो का, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन ओळखले जाते का, याची तपासणी एका दुपारचे काम आहे. त्यासाठी अभियंता लागत नाही. चिकाटी असलेला एक कार्यकर्ता पुरे.

खरी अडचण निराळ्याच ठिकाणी आहे, आणि पेन-ड्राइव्हच्या परीक्षेत ती दिसतही नाही. टॅलीसारखा हिशेबाचा प्रोग्रॅम विंडोजसाठीच बनतो. आणि मराठी संस्थांचे गेल्या पंचवीस-तीस वर्षांचे दप्तर, म्हणजे स्मरणिका, अहवाल, पुस्तिका, सभासदांच्या याद्या, हे पेजमेकर आणि श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व अक्षरसंचांत अडकलेले आहे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची. अशी फाइल लिनक्सवर जशीच्या तशी उतरते, तिचा एकही बाइट हरवत नाही, आणि तरी ती वाचता येत नाही. कारण आत देवनागरी नाहीच, इंग्रजी चिन्हांवर चढवलेला देवनागरीचा मुखवटा आहे. त्याला ना विंडोज जबाबदार, ना लिनक्स. तेव्हा ज्या संस्थेत असे दप्तर असेल, तिने जुन्या विंडोजचा एक संगणक इंटरनेटपासून तोडून बाजूला ठेवावा, त्यावर मजकूर क्रमाक्रमाने युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा, आणि जोडाक्षरे व 'ऱ' डोळ्यांनी तपासावेत. रूपांतर करणारे प्रोग्रॅम नेमके तेथेच चुकतात. बाकीच्या यंत्रांचे काय करायचे, ते त्यानंतर ठरवावे.